बारमध्ये चेन बसते म्हणजे जुळते असं नाही

जळणाचे ओंडके तोडणं वेगळं आणि त्याच चेनसॉने आठ फुटी फणसाच्या फळ्या पाडणं वेगळं. जळणात काप बोटभर तिरका गेला तरी चूल काही बोलत नाही. फळी मात्र एका कडेला दीड इंच आणि दुसऱ्या कडेला सव्वा इंच भरली की सुतार तिला हात लावत नाही. रंधा मारून सरळ करायला गेलात तर चांगलं लाकूड भुशात जातं. मशीन चालवणं, पेट्रोल-तेलाचं मिश्रण, हेल्मेट, तोंडावरची जाळी, चॅप्स (पायांवरचं संरक्षक कवच) हे सगळं येतं असं धरून चालू. इथे फक्त बार (ज्याच्या कडेच्या खाचेतून चेन फिरते ते लांब पोलादी पातं) आणि चेन.

दुकानात जाऊन "बावीस इंची चेन द्या" म्हणू नका. लांबीवरून चेन ठरत नाही. तीन गोष्टी सांगाव्या लागतात : पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच निघतो. चेनचे जे दात बारच्या खाचेत उतरतात त्या ड्राइव्ह लिंकची जाडी म्हणजे गेज. आपल्याकडे सर्रास विकली जाणारी ५२-५८ सीसीची मशीनं बहुतेक ०.३२५ इंच पिच, ०.०५८ इंच गेजची असतात. त्यांच्या १८ इंची बारला साधारण ७२, २० इंचीला ७६ आणि २२ इंचीला ८६ लिंक लागतात. तरी आपल्या बारच्या बुडाशी कोरलेले आकडे वाचायचेच, आणि ते पुसले असतील तर जुन्या चेनचे लिंक बोटाने मोजायचे.

नवशिक्यांची फसगत होते ती गेजमध्ये, म्हणून यावर जरा जास्तच लिहिणार आहे. पिच चुकला तर लगेच कळतं, चेन स्प्रॉकेटवर, म्हणजे तिला फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, बसतच नाही. गेज जाड असला तरी कळतं, चेन खाचेत शिरत नाही. गेज बारीक असला तर मात्र काहीच कळत नाही. ०.३२५ पिचमध्ये ०.०५०, ०.०५८ आणि ०.०६३ असे तीनही गेज मिळतात, म्हणजे १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर. ०.०५८ च्या बारमध्ये ०.०५० ची चेन अलगद बसते, फिरते, तेल खाते, ओंडका तोडते. दुकानदार म्हणतो, "बसली ना? मग झालं." झालेलं काहीच नसतं. खाचेत ०.२ मिलिमीटरची मोकळी जागा राहिली की चेन ताठ न चालता एका बाजूला कलते. कललेली चेन एकाच बाजूची कड घासते, घासल्याने खाच आणखी रुंदावते आणि चेन आणखी कलते. आडव्या कापात हे दिसत नाही, कारण काप दोन मिनिटांत संपतो. फळी पाडताना तीच चेन आठ फूट सलग चालते आणि बार हळूहळू वर किंवा खाली ओढला जातो. मग माणूस काय करतो? चेनला पुन्हा कानस लावतो. पुन्हा काप वाकतो, पुन्हा कानस. चांगली चेन अशी घासून घासून संपते आणि दोष बारमध्ये तसाच राहतो.

म्हणून चेन विकत घेताना व्हर्नियर खिशात ठेवा आणि ड्राइव्ह लिंकची जाडी स्वतः मोजा. स्टिल (Stihl) कंपनीच्या चेनवर ड्राइव्ह लिंकवरच ३, ५, ६ असा आकडा कोरलेला असतो, ३ म्हणजे १.३ मिलिमीटर. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

खाच रुंदावली आहे का, हे घरी तपासता येतं. चेन बारवर चढवून ताणा. लोखंडी पट्टी एका कटरच्या (लाकूड कापणाऱ्या दाताच्या) बाजूला आणि बारच्या अंगाला एकदम टेकवून बघा. पट्टी आणि बार यांच्यात फट दिसली पाहिजे. फट नसेल, चेन कलून पट्टी बारला चिकटत असेल, तर खाच गेली. दुसरी तपासणी गुण्याची : चेन काढून बार सपाट फरशीवर उभा धरा आणि गुण्या लावा. दोन्ही कडा एका उंचीच्या नसतील तर बार एका बाजूला झुकलेला दिसेल. उंच कड सपाट कानशीने काटकोनात घासून खाली आणा, आणि कडेबाहेर आलेला धारदार ओठही काढा, तो हात कापतो. रुंदावलेली खाच हातोडीने ठोकून बंद करायचा सल्ला देणारे बरेच भेटतील. जळणापुरतं चालेल. फळ्यांसाठी नवा बार घ्या.

बार दोषी की चेन, हे ठरवायची सोपी युक्ती आहे. काप वाकू लागला की बार उलटा करा, वरची कड खाली, आणि पुन्हा काप घ्या. वाकणं थांबलं किंवा दिशा बदलली तर दोष बारचा. त्याच दिशेला वाकत राहिला तर दोष चेनचा, एका बाजूचे कटर दुसऱ्या बाजूपेक्षा लांब किंवा जास्त धारदार आहेत. काप धारदार बाजूकडे ओढला जातो. सगळ्यांत आखूड कटर शोधून बाकीचे त्याच्या लांबीला आणा. कंटाळवाणं काम आहे, पण यात घाबरण्यासारखं काही नाही. एकदा नीट बसवलं की पुढच्या प्रत्येक वेळी दोन-तीन फटक्यांत भागतं.

आता चेनची निवड. साध्या चेनच्या कटरला वरून ३० अंशांचा कोन असतो. तो धागा आडवा तोडायला चांगला. फळी पाडताना दात लाकडाच्या तोंडाकडून चालतात आणि तिथे १० अंशांचा कोन लागतो, त्यासाठीच्या चेनला रिपिंग चेन म्हणतात. फळीचा पृष्ठभाग नितळ येतो आणि मशीनची ओढाताण कमी होते. रिपिंग चेन मिळत नसेल तर साधी सेमी-चिझल (गोलसर कोपऱ्याच्या कटरची) चेन घेऊन दर धारेला कोन थोडा थोडा कमी करत १० वर आणा, एकाच दिवशी नको. कानशीची जाडीही ठरलेली आहे : तीन अष्टमांश इंच पिचच्या लो-प्रोफाइल (बुटक्या) चेनला ४ मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८, मोठ्या तीन अष्टमांशला ५.२ किंवा ५.५. "आहे ती कानस चालेल" हे वाक्य जो उस्ताद म्हणतो त्याच्याकडे शिकू नका, भले तो वीस वर्षं लाकूडतोड करत असो. जो आपली कानस दुसऱ्याला देत नाही त्याच्याकडे शिका.

कटरच्या पुढचा छोटा उंचवटा, डेप्थ गेज, कटरच्या धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो मोजायची पट्टी स्वस्तात मिळते. नजरेने घासला की हमखास जास्त उतरतो, चेन झटके मारते आणि फळीवर पायऱ्या उमटतात.

मिलिंगमध्ये, म्हणजे फळ्या पाडताना, धार चांगली असली तरी भुसा बारीकच पडतो. आडव्या कापात बारीक भुसा म्हणजे बोथट चेन, हे गणित इथे लागू नाही. इथे हाताचा जोर बघा. फळीची जाडी सारखी राखायला बारला जोडलेली चौकट ढकलावी लागली, बार गरम होऊन धूर आला की थांबा आणि धार लावा. चेन आपल्या वजनाने आणि हलक्या रेट्याने पुढे गेली पाहिजे.

या चौकटीला अलास्कन मिल म्हणतात. ती बारची चार-सहा इंच लांबी खाते, त्यामुळे २२ इंची बारवर २२ इंची फळी निघत नाही. ५८ सीसीच्या मशीनवर एक फुटाच्या आतबाहेरचे ओंडके घ्या. दोन फुटी आंब्याला ९० सीसीच्या आसपासचं मशीन लागतं, नाहीतर इंजिन जळतं. मोठी तीन अष्टमांश चेन प्रत्येक कापात जवळपास तीन सूत लाकडाचा भुसा करते. चार फळ्यांत एक फळी गेलीच समजा. लो-प्रोफाइल चेन कमी खाते, पण मोठ्या इंजिनाखाली ताणली जाते.

कोकणातला ओंडका जांभ्याच्या मातीतून ओढून आणलेला असतो. सालीत बसलेली ती माती एका कापात चेन बोथट करते, म्हणून बार जिथे शिरणार तिथली साल कुऱ्हाडीने तासून घ्या. अंगणातल्या आंब्या-फणसात खिळे, तारा, कपडे वाळत घालायचे हूक हमखास असतात. चुंबक फिरवल्याशिवाय मशीन लावू नका. ओल्या फणसाचा चीक भुशासकट खाचेत घट्ट बसतो आणि तेलाचं भोक बुजवतो, रोज संध्याकाळी पातळ पात्याने खाच खरवडून काढा. सागात सिलिका असते, तिथे धार लवकर जाते, ती तुमची चूक नाही. (आणि झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी साग, आंबा, फणस तोडायला १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते.)

चेनच्या तेलात काटकसर नको. इंजिनातून काढलेलं काळं तेल फुकट मिळतं म्हणून ओतणारे खूप आहेत. त्यात धातूचे कण असतात, ते चेनला चिकटून राहत नाही आणि फळीला डाग पाडतं. पेट्रोलची टाकी संपायला येते तेव्हा तेलाची टाकीही तळाला आलेली हवी. ती अर्धी भरलेली राहिली तर भोक बुजलंय. लांब बारवर टोकाकडे वेगळी तेलाची बाटली जोडा. गरम चेन लोंबते. ती तशीच ताणून मशीन ठेवून दिलंत तर थंड होताना आकसून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो. काम संपलं की चेन सैल करायची, हे विसरायचं नाही.

कोरीव कामाचा बार हा वेगळाच प्रकार. त्याचं टोक अगदी निमुळतं, डाइम किंवा क्वार्टर या अमेरिकन नाण्यांच्या मापाचं, आणि त्याला टोकाला फिरणारं चाक नसतं. डाइम टोकावर फक्त पाव इंच पिचची चेन चालते, म्हणजे मशीनचं स्प्रॉकेटही पाव इंचीच हवं. स्वस्त मशीनला ते सहसा मिळत नाही. म्हणून बार आधी विकत घेऊ नका. आधी स्प्रॉकेट मिळतंय का ते विचारा, मग ३०-४० सीसीचं मशीन, मग बार. निमुळत्या टोकाने उसळी कमी होते, पण संपत नाही. साध्या बारच्या टोकाने कोरायला गेलात तर उसळलेलं मशीन थेट तोंडाकडे येतं. अँगल ग्राइंडरवर बसणाऱ्या चेनच्या चकत्या तर घेऊच नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो, त्या वेगात उसळी हाताला आवरत नाही.

सरावाला पांगारा घ्या, सावंतवाडीची खेळणी त्याच मऊ लाकडाची होत आली आहेत. माड टाळा, बाहेरून कडक आणि आतून भुसभुशीत. चाक नसल्यामुळे कोरीव बारच्या टोकाशी घर्षण जास्त, म्हणून चेन साध्या बारपेक्षा किंचित सैल ठेवा, तेल वाढवा आणि टोक एकाच जागी दाबून धरू नका. टोक निळसर पडलं तर पोलादाचा पाणी दिलेला थर मऊ झालाय. तिथे खाच लवकर उघडते, आणि ती उघडली की पट्टीची तपासणी पुन्हा करावी लागते.