फ्रंट डेस्कवर नवीन असाल तर: आधी पैसे, मग बोलणं

परळला एका खासगी डायग्नोस्टिक सेंटरच्या फ्रंट डेस्कवर मी काम करते. जवळच केईएम, टाटा, वाडिया ही मोठी रुग्णालयं. त्यामुळे काउंटरसमोर कधी लालबागचे काका असतात, तर कधी साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने आलेलं कुटुंब. नोंदणी, चौकशी, फोन, बिल आणि गल्ला, सगळं एकाच खुर्चीवरून. पदवी, जेमतेम कॉम्प्युटर आणि नीट मराठी-हिंदी एवढ्यावर नोकरी मिळून जाते.

अवघड जातं ते बोलणं आणि पैसे मोजणं, दोन्ही एका वेळी करणं. चौकशी करणाऱ्याशी मान वर करून बोलावं लागतं आणि नोटा मोजताना मान खाली लागते. मोजता मोजता कुणी "ताई, सोनोग्राफी कुठे?" विचारलं की उत्तर देऊ नका. हात दाखवून थांबवा, मोजणी संपवा, मग बोला. लोकांना राग येत नाही. आला तरी तो मिनिटात जातो, गल्ल्यातला फरक रात्रीपर्यंत छळतो.

नोट घेतली की रक्कम मोठ्याने म्हणा: "पाचशे दिलेत." आणि सुट्टे परत देईपर्यंत ती नोट ड्रॉवरमध्ये टाकू नका, समोरच ठेवा. "मी तर दोन नोटा दिल्या होत्या" हा वाद तिथल्या तिथे मिटतो.

सकाळी सात ते दहा खरी कसोटी. फास्टिंगसाठी आलेली माणसं रात्रीपासून उपाशी असतात, वर रविवार असेल तर मेगाब्लॉकमध्ये लोंबकळत आलेली. त्यांच्याशी नियमांवर वाद घालण्यापेक्षा "रक्त दिलंत की लगेच चहा घेता येईल" एवढं वाक्य जास्त काम करतं. (दुसरी कुठली टेस्टही उपाशीपोटी आहे का, ते मात्र बोलायच्या आधी बघा.) त्यात प्रत्येकाच्या हातात पाचशेची नोट. ओपनिंग कॅशमध्ये (शिफ्ट सुरू होताना गल्ल्यात असलेल्या रोकडीत) दहा, वीस, पन्नास भरपूर हवेत, आदल्या संध्याकाळीच मागून ठेवा. दहाची नाणी घ्या आणि द्याही. वेगवेगळ्या छापांची सगळी चालतात, रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच 14 डिझाइन वैध असल्याचं सांगितलंय. तरी हुज्जत होतेच.

यूपीआयचा नियम एकच: ग्राहकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण म्हणजे पैसे नव्हेत. साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या अ‍ॅपमध्ये एंट्री दिसली, तरच पावती. खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे असतात. पण खात्यातून पैसे गेलेत आणि आपल्याकडे आले नाहीत, असा खराखुरा अडकलेला माणूसही असतो, आणि दोघांचा चेहरा सारखाच दिसतो. म्हणून संशयाने बोलू नका. यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि सांगा की दुकानदाराला न पोहोचलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर उशिराच्या दर दिवसाला बँकेने 100 रुपये भरपाई द्यायची असते. हे ऐकलं की आवाज खाली येतो.

गरोदर बाईची सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी कायद्याचा (गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा) एफ फॉर्म भरावा लागतो. आमच्याकडे त्यातली नाव-पत्त्याची माहिती डेस्कवरच भरतात. घाईत एकही रकाना रिकामा सोडू नका, मागे कितीही रांग असो. "मुलगा की मुलगी, तेवढं विचारून सांगाल का?" असं कुणी कुजबुजलं तर हसूनसुद्धा टाळू नका. स्पष्ट नाही म्हणा.

शिफ्ट संपताना नोटा मूल्यानुसार लावून कागदावर मांडायच्या, कार्ड मशीनचं सेटलमेंट (कार्डाने आलेल्या पैशांची बेरीज) काढायचं, यूपीआयची बेरीज वेगळी, आणि तिन्ही सिस्टिमच्या रिपोर्टशी जुळवायचं. जुळलं नाही तर आधी बघा, एखादं यूपीआयचं बिल 'कॅश'मध्ये पंच झालंय का. बहुतेक वेळा तेच असतं. आणि रोख कमी पडली म्हणून पदरचे पैसे घालून गप्प बसू नका, लेखी कळवा.

मुलाखतीत पगाराइतकंच हेही विचारा: ड्रॉवर एकाचा की शिफ्टमधल्या सगळ्यांचा, आणि तूट आली तर पगारातून कापतात का? ड्रॉवर सगळ्यांचा पण कपात तुमची, असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. परळ ते दादर पट्ट्यात लॅब काही कमी नाहीत.