रामनदीत उतरायच्या आधी, आणि सगळ्यात आधी गाडी

गेल्या मे महिन्यात पुण्यात पाषाणला आम्ही पस्तीसेक जण रामनदीत उतरलो, चार तास राबून कचऱ्याची पोती काठावर रचली, घरी गेलो, आणि संध्याकाळी वळीव असा कोसळला की निम्मी पोती परत पाण्यात. कचरा न्यायला गाडी ठरवलीच नव्हती. म्हणून आधी गाडी. आठवडाभर आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात पत्र द्या, पोच घ्या, वेळ मेसेजवर लिहून घ्या, आणि तरीही एक टेम्पोवाला सांगून ठेवा.

टोपी, पाणी, सगळ्यांना माहितीये. ग्लोव्हज मात्र जाड रबरी, मेडिकलवाले पातळ नकोत, गाळात काचा असतात. गमबूट हवेतच. पायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) होतो. लहान मुलं काठाच्या वर.

विळे आणि मोठ्या कात्र्या घ्या, कारण प्लास्टिकपेक्षा कापड जास्त छळतं. साड्या, चादरी, उशांच्या खोळी काठच्या वाळुंजाच्या झाडांच्या मुळांना पीळ घालून बसलेल्या असतात. ओढायच्या नाहीत, कापून काढायच्या, त्या मुळांनीच काठ धरून ठेवलाय. गाळ भरलेली ओली साडी एकट्याला उचलत नाही, पोती अर्धीच भरा. आणि हे वजन छोट्या रिक्षात जात नाही, टेम्पोच लागतो.

भूगाव-बावधनकडे ढग दाटले की सगळे बाहेर. पाणी तिकडून येतं, पाषाणला ऊन असलं तरी चढतं.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट असेल तर पाणी ढवळायच्या आधी सॅम्पल घ्या. बाटली पाण्याखाली धरूनच भरायची, बूचही खालीच लावायचं, आत बुडबुडा राहिला तर आकडा चुकीचा. लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली गेला तर माशांना जगणं अवघड, आणि मग नुसता कचरा काढून भागत नाही, वर कुठेतरी ड्रेनेज सुटलंय ते शोधा, फोटो-लोकेशनसकट तक्रार टाका, नंबर जपून ठेवा.

जलपर्णी काढलीत तर तीही गाडीतच, काठावर ठेवली तर पावसात परत आत जाते आणि सडताना उरलासुरला ऑक्सिजन खाते.

मग साबणाने हात, मग नाश्ता. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते बघा. शेवटचं पोतं गाडीत चढेपर्यंत निदान चौघांनी थांबायचं, नावं आदल्या दिवशीच ठरवा.