चंद्रपूर थर्मलचा धूर बाहेरून कसा ओळखायचा

बाहेरगावचे पाहुणे ताडोब्याला जाताना दुर्गापूरजवळ गाडी थांबवतात, थर्मलच्या म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राच्या कुलिंग टॉवरचा फोटो काढतात आणि "बापरे किती प्रदूषण" म्हणतात, तेव्हा हसू येतं. म्हणून हे लिहितोय.

आधी आकार बघा. कमरेत बारीक, डमरूसारखा दिसतो तो कुलिंग टॉवर, त्यातनं फक्त पाण्याची वाफ निघते, थंडीच्या सकाळी ढगासारखी दाट आणि मेच्या दुपारी जवळपास गायब, टॉवर चालू असला तरी. खरी बघायची ती उंच सरळ चिमणी. फिकट, जेमतेम दिसणारा धूर म्हणजे राख पकडणारं ईएसपी नीट चाललंय. दाट करडा लोट सुटला की समजा तिथे काहीतरी गडबड आहे. आणि काळा धूर बहुतेक वेळा बंद युनिट (वीज बनवणारा एक संच) पुन्हा पेटवताना, कारण सुरुवातीला तेल जाळतात, तो थोड्या वेळानं कमी झाला पाहिजे.

आता जरा हिशोब करा. इथली क्षमता २९२० मेगावॅट, म्हणजे २१० चे २ आणि ५०० चे ५ युनिट. ५०० चं एक युनिट फुल लोडवर तासाला ३०० टनांच्या वर कोळसा खातं, आपल्या कोळशात राख साधारण तिसरा हिस्सा धरा, म्हणजे १०० टन झाली, त्यातली ८० टन तरी धुराबरोबर उडते आणि ईएसपीनं ९९ टक्के पकडली तरी पाऊण टन वर गेलीच नं! एका तासात, एका युनिटची.

रात्रीचं काही दिसत नाही, तर सकाळी गाडीच्या सीटवर बोट फिरवा. पिठासारखं करडं लागलं तर राख, काळं खरखरीत असेल तर खाणीची नाहीतर कोळशाच्या ट्रकची धूळ. सगळं थर्मलच्या माथी मारू नका, खाणी पण शेजारीच आहेत.

एक मात्र ध्यानात ठेवा, सल्फर डायऑक्साईड डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे चिमणी स्वच्छ दिसली म्हणजे हवा स्वच्छ असं नाही, त्यासाठी प्रदूषण मंडळाचे आकडेच बघावे लागतात.

आणि हो, चांगला अँगल मिळावा म्हणून झुडपात शिरू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लांटच्या आवारातच वाघानं एका कामगाराचा जीव घेतलाय. रस्त्यावरूनच काढा फोटो.