भूतांत्रिक अभियांत्रिकीत करिअर कसं करावं: बोअरच्या पेटीपासून डोंगरावरच्या भेगेपर्यंत

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच. त्याआधी २०१४ साली माळीण, २०२१ साली तळिये. डोंगर कुठे सुटू शकतो हे वेळेआधी ओळखणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत. माती आणि खडक तपासून उतार आणि पाये किती भरवशाचे आहेत हे सांगायचं, हे भूतांत्रिक अभियांत्रिकीचं काम. ते तुम्हाला करावंसं वाटत असेल, तर सुरुवात अशी करा.

१. आधी दार ठरवा

या क्षेत्रात शिरायला दोन दारं आहेत. पहिलं सिव्हिलचं: पदवी, मग गेट परीक्षा आणि भूतांत्रिक अभियांत्रिकीत एम.टेक. आयआयटी मुंबई आणि पुण्याच्या सीओईपीत हा विषय आहे. दुसरं भूविज्ञानाचं: बी.एस्सी., एम.एस्सी. आणि मग यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. तिथून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, म्हणजे जीएसआयमध्ये जाता येतं.

सिव्हिलवाल्याला गणित येतं, पण खडक ओळखता येत नाही. भूविज्ञानवाल्याचं नेमकं उलटं. म्हणून दुसऱ्या बाजूचा निदान एक विषय स्वतःहून शिका. सिव्हिलचे असाल तर भूविज्ञान विभागाच्या सहलीला जा. भूविज्ञानाचे असाल तर मृदा यांत्रिकी पक्की करा, त्यातही पाण्याच्या दाबाचा भाग. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि उतार सुटतो. सलग पावसानंतरच दरडी का येतात, हे यातून कळतं.

२. बोअरवर उभं राहा

पहिली नोकरी बहुधा माती-तपासणी करणाऱ्या एखाद्या कंपनीत मिळेल. तिथे टेबल मागू नका, साइट मागा. सगळ्यात आधी एसपीटी शिकाल, म्हणजे बोअरमध्ये ठोके मोजून माती किती घट्ट आहे हे पाहण्याची चाचणी. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि सळई ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे. उरलेल्या १५-१५ सेंटिमीटरच्या दोन टप्प्यांतल्या ठोक्यांची बेरीज म्हणजे एन व्हॅल्यू.

वाचायला सोपं आहे. पण दुपारी तीन वाजता दोर ओढणाऱ्यांचे हात थकतात, हातोडा ६० सेंटिमीटरवरूनच पडू लागतो, ठोके जास्त लागतात आणि कागदावर माती आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. त्या आकड्यावर पुढे कुणाच्या तरी इमारतीचा पाया ठरतो. म्हणून उंचीची खडूची खूण स्वतः करा, आणि माणसं दमली की त्यांना थांबवून पाणी द्या.

खडक लागला की कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेला खडकाचा लांबट गोल नमुना, पेटीत येतो. समजा दीड मीटरच्या रनमध्ये, म्हणजे एका दमात केलेल्या ड्रिलिंगमध्ये, ३२, २४, १८, १२, ९ आणि ७ सेंटिमीटरचे तुकडे निघाले. १० सेंटिमीटरपेक्षा लांब असलेल्यांची बेरीज ८६, म्हणजे आरक्यूडी, अर्थात खडक किती अखंड आहे हे सांगणारा आकडा, साधारण ५७ टक्के. ड्रिलिंग करताना ताजा तुटलेला तुकडा मात्र जोडूनच मोजायचा.

आणि जे पेटीत आलंच नाही, तेही लिहायचं. आपल्या काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल मातकट थर असतो. पाणी त्याच्यावरून झिरपतं, वरचा खडक त्याच्यावरून घसरू शकतो, आणि ड्रिलिंगच्या पाण्यात नेमका तोच वाहून जातो. लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या खोलीनुसार केलेल्या नोंदीत, ती जागा कोरी ठेवली, तर रिपोर्ट वाचणाऱ्याला तिथे अखंड कातळ आहे असं वाटेल. ड्रिलरला विचारा, 'दादा, पाणी कधी लाल झालं?' त्याला खोलीसकट आठवत असतं.

३. नकाशा वाचा, मग डोंगर चढा

जीएसआयचे भूस्खलन-प्रवणतेचे नकाशे भूकोश पोर्टलवर पाहता येतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, ते शिकून घ्या. धोक्याचे पट्टे आखण्यासाठी आयएस १४४९६ या भारतीय मानकाच्या भाग २ मध्ये गुण देण्याची पद्धत आहे: खडक, त्याची रचना, उतार, उंचीतला फरक, जमिनीचा वापर आणि भूजल.

पण १:५०,००० च्या नकाशावर शंभर मीटरची वाडी दोन मिलिमीटरची होते. तेवढ्यावर कुणाच्या घराबद्दल मत देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. वर चढून जा. झाडांची खोडं बुडाशी वाकलेली आहेत का? झरा अचानक गढूळ झाला का, की आटला? घराचं दार यंदाच अडकायला लागलं का? हे म्हातारी माणसं नेमकं सांगतात, म्हणून ओसरीवर बसा, घाई करू नका.

४. भेग दिसली तर

उताराच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी भेग दिसली, तर तिच्या दोन्ही बाजूंना लाकडी खुंट्या ठोका. दोन्हींच्या डोक्यांत खिळा मारा, टेपने अंतर मोजा आणि तारीख-वेळेसकट वहीत लिहा. भेग जवळच्या मातीने बुजवून वर प्लास्टिक अंथरायला सांगा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. तहसील कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. पाऊस नसताना गावातल्या कुणाला तरी रोज सकाळी मोजायला शिकवा. पाऊस सुरू असताना कुणालाही वर पाठवू नका. अंतर वाढत चाललं असेल, तर तुमच्या रिपोर्टची वाट न पाहता वाडी रिकामी करून माणसांना त्या उतारापासून दूर, सुरक्षित जागी हलवायला सांगा.