मेल तपासताना ईमेल प्रोग्रॅम अडकून बसत असेल तर काय करावे

नवे मेल आणण्याचे बटण दाबताच प्रोग्रॅमची खिडकी फिकट पडते, शीर्षकपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे शब्द उमटतात आणि माउसचे गोल चक्र फिरत राहते. अशा वेळी बहुतेकांचा हात प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करण्याकडे जातो. ते करण्यापूर्वी प्रोग्रॅम खरोखर अडकला आहे, की काही काम करतो आहे, हे पाहणे आवश्यक आहे, कारण या दोन्ही अवस्था दिसायला सारख्या असल्या तरी त्यांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ईमेल प्रोग्रॅमच्या नावापुढील सीपीयू, डिस्क व नेटवर्क हे रकाने काही मिनिटे पाहावेत. मॅकवर हेच काम अॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो. सीपीयू किंवा डिस्कचा आकडा सतत वर असेल, तर प्रोग्रॅम बहुधा आपल्या साठवणीची सूची नव्याने बांधत असतो, आणि त्याला तसेच चालू ठेवणे उत्तम. सगळे आकडे शून्याजवळ असतील, तर तो कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत आहे. हे उत्तर कधी कधी आपल्याकडूनच हवे असते: पासवर्ड विचारणारी किंवा प्रमाणपत्राबद्दल इशारा देणारी छोटी चौकट मुख्य खिडकीच्या मागे दडलेली असते. म्हणून इतर सर्व खिडक्या एकदा खाली करून पाहाव्यात.

प्रोग्रॅम बंद करावाच लागला, तर तो टास्क मॅनेजरच्या यादीतूनही गेला आहे याची खात्री करावी आणि पीओपी पद्धतीचे (सर्व्हरवरचे मेल आपल्या संगणकावर उतरवून घेणारे) खाते असल्यास लगेच पुन्हा मेल तपासू नये. पीओपी३ च्या १९९६ सालच्या नियमावलीप्रमाणे लॉगिन झाल्यावर सर्व्हर त्या टपालपेटीला कुलूप घालतो, आणि संपर्क अर्धवट तुटल्यास ते कुलूप काही काळ तसेच राहू शकते. निष्क्रिय जोडणी आपोआप तोडण्याची मुदत ठेवायची असल्यास ती किमान १० मिनिटांची असावी, असेही त्या नियमावलीत म्हटले आहे. त्यामुळे घाईने केलेला दुसरा प्रयत्न मूळ कारण दूर झालेले असले तरी फसू शकतो आणि आपण नसत्या दिशेने शोध घेऊ लागतो.

त्यानंतर ब्राउझरमध्ये त्याच खात्याचे वेबमेल उघडावे. तेही उघडत नसेल किंवा अतिशय संथ असेल, तर दोष सर्व्हरचा किंवा इंटरनेट जोडणीचा आहे आणि प्रोग्रॅमची एकही सेटिंग बदलण्याचे कारण नाही. वेबमेल व्यवस्थित चालत असेल, तर प्रोग्रॅमच्या तळाची पट्टी नीट वाचावी. '१४ पैकी ३ रा मेल येत आहे' अशा अर्थाची ओळ दर वेळी त्याच आकड्यावर थांबत असेल, तर संशय त्या एका मेलवर घ्यावा. तो फार मोठ्या अटॅचमेंटचा असतो किंवा त्याची रचना सदोष असते.

असा मेल पुन्हा पुन्हा आडवा का येतो, याचे कारणही पीओपीच्या रीतीत आहे. पुसण्यासाठी खूण केलेले मेल सर्व्हर तेव्हाच काढून टाकतो, जेव्हा प्रोग्रॅम रीतसर निरोप घेऊन संपर्क संपवतो. मध्येच अडकल्यास हा निरोप होत नाही, म्हणून आधीचे दोन्ही मेल सर्व्हरवरच राहतात, कदाचित दुसऱ्यांदा उतरतात, आणि गाडी पुन्हा तिसऱ्यापाशी अडते. उपाय सोपा आहे. वेबमेलमध्ये नवा फोल्डर करून संशयित मेल त्यात हलवावा. पीओपीला सहसा फक्त इनबॉक्स दिसत असल्याने तो वाटेतून दूर होतो. नेमका मेल ओळखता येत नसेल, तर न उतरलेल्या मेलपैकी निम्मे हलवून तपासावे, मग उरलेल्यांतले निम्मे. मेल वाचून झाल्याशिवाय पुसू मात्र नये.

आयमॅप खात्यात, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून सर्व उपकरणांवर सारखे दाखवणाऱ्या पद्धतीत, ही युक्ती अपुरी पडते, कारण तेथे सगळेच फोल्डर जुळवले (सिंक केले) जातात. त्याऐवजी नको असलेल्या फोल्डरांची जुळवणी बंद करावी आणि तेच खाते किती उपकरणांवर उघडे आहे ते पाहावे. जीमेल एका खात्याला एका वेळी आयमॅपच्या १५ जोडण्या देते, आणि एकच प्रोग्रॅम त्यांतल्या अनेक जोडण्या घेऊ शकतो.

खाते नवीन असेल किंवा सेटिंग नुकती बदललेली असेल, तर पोर्ट (सर्व्हरशी जोडणी ज्या क्रमांकाच्या दारातून होते तो क्रमांक) आणि सुरक्षेचा प्रकार यांची जोडी तपासावी. सुरुवातीपासून सांकेतिक (एन्क्रिप्टेड) असणाऱ्या जोडणीसाठी पीओपीला ९९५ आणि आयमॅपला ९९३ हे पोर्ट आहेत. पोर्ट ९९५ ठेवून सुरक्षा 'काही नाही' अशी निवडली, तर प्रोग्रॅम सर्व्हरच्या अभिवादनाची वाट पाहतो, सर्व्हर प्रोग्रॅमच्या सुरक्षा-संदेशाची वाट पाहतो, आणि प्रोग्रॅमची वाट पाहण्याची मुदत संपेपर्यंत कोणीच बोलत नाही. ही मुदत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. संथ जोडणीवर मोठे मेल उतरवताना तो योग्य आहे, पण येथे त्याने ताटकळणे तेवढे वाढेल. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर चालणारी जुनी लॉगिन पद्धत बंद करण्यास सुरुवात केली, हेही जुना प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

एवढ्यानेही फरक पडत नसेल, तर प्रोग्रॅम अॅड-इनशिवाय, म्हणजे त्याला वरून जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्रॅमांशिवाय, सुरू करावा: क्लासिक आउटलुक कंट्रोल कळ दाबून ठेवून, आणि थंडरबर्ड शिफ्ट कळ दाबून ठेवून. असे केल्यावर अडचण नाहीशी झाली, तर अॅड-इन एकेक करून चालू करत दोषी शोधावा. अँटिव्हायरसची मेल तपासणीही थोडा वेळ बंद करून पाहावी. थंडरबर्ड सर्वसाधारणपणे एका फोल्डरचे सर्व मेल एकाच फाइलीत ठेवतो, त्यामुळे एका बाधित मेलसाठी अँटिव्हायरस संपूर्ण इनबॉक्सची फाइल अडवून ठेवू शकतो.

साठवणीच्या फाइलींना हात लावण्यापूर्वी प्रोग्रॅम बंद करून त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. ही पायरी गाळू नये. मग थंडरबर्डमध्ये फोल्डरच्या गुणधर्मांतील दुरुस्तीचे बटण दाबून सूची नव्याने बांधावी आणि फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करावेत, कारण पुसलेले मेल तोपर्यंत फाइलीत जागा अडवून असतात. आउटलुक ज्यात मेल साठवतो त्या पीएसटी फाइलीच्या दुरुस्तीसाठी स्कॅनपीएसटी हे साधन सोबतच मिळते. फाइलीचा आकारही पाहावा: २००३ आणि २००७ च्या आवृत्त्यांत नव्या स्वरूपाच्या पीएसटीची ठरलेली मर्यादा २० जीबी होती, २०१० पासून ती ५० जीबी आहे, आणि मर्यादेच्या कितीतरी आधीच वेग मंदावतो.

शेवटचा उपाय नवीन प्रोफाइलचा, म्हणजे प्रोग्रॅममधील खाती, सेटिंग आणि साठवण यांचा संच नव्याने करण्याचा. पीओपी खात्यात जे मेल सर्व्हरवरून पुसले गेले आहेत, ते फक्त जुन्या प्रोफाइलच्या फाइलीत असतात. ती फाइल नव्या प्रोफाइलमध्ये उघडून जुने मेल वाचता येतात याची खात्री होईपर्यंत जुने प्रोफाइल काढून टाकू नये.