एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या एक्स-रेत टीबी कसा शोधावा

फिल्म वाचण्याआधी सीडी४ (रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) किती ते विचारा. त्या आकड्याशिवाय फिल्म अर्धीच वाचली जाते.

सीडी४ ३५० च्या वर असेल तर टीबी ओळखीच्या जागी सापडतो: फुप्फुसाचा वरचा भाग, तिथे डाग, बहुधा पोकळी. २०० च्या खाली गेला की पोकळी क्वचितच दिसते. पोकळी घडवते ती शरीराची प्रतिकारशक्ती. जंतूंवर तिचा जोरदार हल्ला झाला की ऊती मरते, वितळते आणि श्वासनलिकेवाटे बाहेर पडते. हल्ला करणाऱ्या पेशीच उरल्या नसतील तर पोकळी होणार कशी? म्हणून ‘पोकळी नाही, म्हणजे टीबी नाही’ असे या रुग्णांत कधीही म्हणू नका. पोकळी नसल्याने बेडक्यातही जंतू कमी येतात आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणीही निगेटिव्ह येऊ शकते.

कमी सीडी४ असताना नजर आधी मधोमध न्या. हायलम (श्वासनलिका व रक्तवाहिन्या फुप्फुसात शिरतात ती जागा) फुगलेला आहे का? श्वासनलिकेच्या उजव्या कडेची पट्टी ४ मिमीपेक्षा जाड आहे का? असेल तर गाठींचा (सुजलेल्या लसिकाग्रंथींचा) संशय घ्या. कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या सीटीत अशा गाठींचा मध्य काळसर आणि कडा उजळ दिसते. मग मधला व खालचा भाग पाहा. तिथला पांढरा डाग साध्या न्यूमोनियासारखाच दिसतो आणि इथेच सर्वाधिक फसगत होते. फुप्फुसाभोवतीचे पाणीही तपासा.

शेवटी बरगड्यांच्या मधल्या जागा भिंगाखाली पाहा. मिलिअरी टीबीचे (रक्तावाटे सर्वत्र पसरलेल्या टीबीचे) दाणे १ ते ३ मिमीचे असतात. फिल्म जास्त काळी झाली असेल तर ते हरवतात. अशी फिल्म पुन्हा काढून घ्या.

दोन्ही बाजूंना हायलमभोवती धुरकट छाया असेल, पण गाठी आणि पाणी नसेल, तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाचाही (बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा) विचार करा.

फिल्म अगदी स्वच्छ असूनही टीबी असू शकतो. ताप, खोकला, रात्रीचा घाम किंवा वजनातली घट असेल तर बेडक्याची जनुकीय चाचणी (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी) कराच. सीडी४ फार कमी असेल तर जोडीला लघवीची लॅम चाचणीही (टीबीच्या जंतूंचा अंश शोधणारी) करा.

एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) सुरू झाल्यावर, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, गाठी वाढून फिल्म अचानक बिघडू शकते. परतलेली प्रतिकारशक्ती हे त्याचे कारण असू शकते. पण तसे ठरवण्याआधी रुग्ण गोळ्या नीट घेतो ना ते विचारा, औषधरोधाची तपासणी करा आणि जुनी फिल्म शेजारी ठेवून पाहा. एआरटी स्वतःहून थांबवू नका.