बादलीवरचा पांढरा चिकट थर कसा काढावा

बोअरचं पाणी असलेल्या घरात बादली, मग आणि नळ यांच्यावर जो पांढरट चिकट थर बसतो, तो नुसता क्षार नसतो. आंघोळीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक, पामिटिक, ओलेइक अशा मेदाम्लांचे, म्हणजे तेल-चरबीतल्या आम्लांचे, सोडियमचे क्षार. जड पाण्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि पाण्यात न विरघळणारं कॅल्शियम स्टिअरेट तयार होतं. म्हणूनच त्या पाण्यात फेसही लवकर येत नाही. असल्या थरावर पुन्हा साबणच घासला तर थर वाढतो!

कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून थरावर लावा, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. आम्लामुळे कॅल्शियम सुटून पाण्यात जातं. पण बहुतेक जण इथेच थांबतात आणि बादली तेलकटच राहते, कारण मागे उरलेलं स्टिअरिक आम्लही पाण्यात विरघळत नाही. ते मेणासारखं असतं, साधारण ६९ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून आधी लिंबूसत्त्व धुऊन टाका, मग गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड घालून, हातमोजे घालून घासा. सोडा त्या आम्लाचा पुन्हा विरघळणारा साबण करतो.

शहाबादी, कडाप्पा, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर मात्र लिंबूसत्त्व सांडू देऊ नका. हे चुन्याचे दगड आहेत, आम्लाने डागाळतात. आणि ब्लीचिंग पावडरीसोबत आम्ल कधीही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.